सी ड्राइव्हची तपासणी

"मगदूम, पाय हलवू नकोस. टेबल हलतंय," कुंभोजे सर मला म्हणाले आणि स्वतः मात्र लॅबभर येरझाऱ्या घालत राहिले.

मी पाय थांबवला. जरा वेळानं तो आपोआप परत हलायला लागला. काय करणार? सकाळपासून आम्हा बारा जणींना बारा कॉम्प्युटरांपुढं बसवून ठेवलं होतं. इस्त्रीचा युनिफॉर्म, चापूनचोपून घातलेल्या वेण्या, आणि पाय अनवाणी. कॉम्प्युटरला धूळ सोसत नाही म्हणून लॅबमध्ये चपला घालून यायचं नाही, हा तेव्हा सगळीकडचाच कायदा होता. एसीनं फरशी गारढोण झालेली. बोर्डाची समिती येणार येणार म्हणत होते आणि ती काही येत नव्हती.

"आली काय गं?" शेजारच्या मशीनवरून मेहरून मुजावरनं दहाव्यांदा विचारलं.

"आली असती तर मी अशी बसले असते का? गप की."

"माझ्यावर कशाला डाफरतीस?"

डाफरणारच. समितीनं पसंती दिली तर आमच्या कोर्सला मान्यता, आणि मान्यता मिळाली तरच एप्रिलात बोर्डाची परीक्षा. नाही मिळाली तर दोन वर्षं पाण्यात, आणि मी घरी कांडी मशीनवर. आमचं गाव मागांचं. घरात आप्पांचे चार माग आणि मागांच्या धोट्यात घालायच्या कांड्या सुतानं भरायचं एक मशीन. मी शाळेत असल्यापासून त्याच्यापुढं बसत आले होते. कॉलेजात नाव घालताना आप्पांनी स्वच्छ सांगितलं होतं, "दोन वर्सं दिली तुला. पास हो. न्हाईतर मशीन हायच." आप्पा वाईट नव्हते, पण एकदा बोलले की बोलले. त्या कांड्यांचा मला इतका तिटकारा होता की स्वप्नातसुद्धा सूत तुटायचं आणि मी दचकून उठायची.

आता आमच्या लॅबचं खरं रूप सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बारा कॉम्प्युटरांपैकी हार्ड डिस्क फक्त दोनांत होती. एक सरांचा, आणि दुसरा ऑफिसातला, तो त्या दिवसापुरता उचलून आणलेला. बाकी दहांच्या पोटात डिस्कच्या जागी नुसती पोकळी. कोर्स सुरू झाला तेव्हा संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब म्हणाले होते, डिस्क पुढच्या महिन्यात घेऊ. तो पुढचा महिना काही उजाडला नाही.

मग कुंभोजे सरांनी शक्कल काढली. कॉम्प्युटर चालू करायच्या फ्लॉपीत त्यांनी एक ओळ अशी घातली, की मशीननं आपल्याच मेमरीतला एक तुकडा बाजूला काढायचा आणि त्याला सी ड्राइव्ह म्हणायचं. झालं! पडद्यावर डिस्कवाल्या मशीनसारखा सी उमटायचा. आम्ही त्यात प्रोग्रॅम लिहायचो, चालवायचो. फक्त मशीन बंद केलं किंवा लाइट गेली, की त्या सी मधलं सगळं साफ. स्वतःची फ्लॉपी आणायला बंदी होती, व्हायरस येतो म्हणून. त्यामुळं काल लिहिलेलं आज परत लिहायचं, आज लिहिलेलं उद्या. लाइट तर आमच्या गावात पाहुण्यासारखी यायची आणि जायची. पहिल्या वर्षी मी अक्षरशः रडायची. पुढं पुढं बोटंच इतकी तयार झाली की दोन-दोन पानांचे प्रोग्रॅम न बघता उतरायचे.

सरांनी ते आमच्यासाठी केलं होतं. पण बापूसाहेबांनी एकदा पडद्यावरचा सी बघितला आणि त्यांना फार आवडला. "सी दिसतोय की, कुंभोजे! मग डिस्क कशाला पाहिजे?" आणि समितीची तारीख आल्यावर म्हणाले, "पडदा बघत्यात. पेटी उघडून कोण बघतंय?" सर पहिल्यापासून तात्पुरते होते. मान्यता आली की नोकरी कायम होणार होती.

अखेर जीप वाजली. मेहरूननं माझ्या दंडाला चिमटा काढला.

समितीत तिघं होते. दोघे साहेब ऑफिसात चहाला बसले. तिसऱ्या देवस्थळी मॅडम. ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. त्या तडक लॅबकडं निघाल्या, आणि मागून बापूसाहेबांची धांदल.

"मॅडम, आधी जेवून घेऊ. बासुंदी केलीय खास."

"जेवल्यावर मला झोप येते," मॅडम म्हणाल्या. "आधी बघून घेते."

त्यांनी दाराशी चपला काढल्या आणि एकेका मशीनपुढून चालू लागल्या. प्रत्येक पडद्यावर सी. बापूसाहेबांचा चेहरा खुलत चालला. सर भिंतीला टेकून उभे, हातरुमालाची घडी घालतायत, मोडतायत. माझ्यापाशी येऊन मॅडम थांबल्या.

"हिचा पाय का हलतोय?"

"घाबरलीय, मॅडम," बापूसाहेब म्हणाले.

"घाबरलेली नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. "सकाळपासून बसून कंटाळा आलाय."

सरांनी डोळे मिटले. मॅडम मात्र हसल्या. "बरोबर आहे. नाव काय?"

"राजमती मगदूम."

"राजमती, तुला काम देते मग. सी भाषेत एक प्रोग्रॅम लिही. ह्या मशीनला कोणकोणते ड्राइव्ह आहेत, ते त्यानं स्वतः शोधून सांगायचं."

हुश्श! हा तर माझा रोजच्यातला. युक्ती सोपी आहे. ए पासून झेडपर्यंत प्रत्येक दारावर जायचं, 'आत येऊ का' विचारायचं, आणि खरंच आत पोचलो का ते बघायचं. पोचलो तर तो ड्राइव्ह आहे, नाहीतर नाही. मी खडखड लिहिला, चालवला. पडद्यावर तीन ओळी आल्या. ए, बी, सी.

मॅडमनी वाकून मशीनच्या तोंडाकडं बघितलं. "फ्लॉपीची फट तर एकच आहे. मग ही बी कुठली?"

"फट एकच असली तरी मशीन तिला दोन नावं देतं मॅडम. एका फ्लॉपीवरचं दुसऱ्या फ्लॉपीवर घ्यायचं झालं तर लागतं म्हणून. बी मागितलं की म्हणतं, दुसरी फ्लॉपी घाला."

"हे कुणी शिकवलं?"

"सरांनी."

मॅडमनी वळून सरांकडं बघितलं. चांगलं बघितलं. सरांच्या हातातला रुमाल पहिल्यांदा थांबला. बापूसाहेब तर म्हणाले, "चला, आता बासुंदी!"

"आलेच," मॅडम म्हणाल्या. "राजमती, आता त्या सी मध्ये एकूण जागा किती, तेवढं पण छाप." आणि मेहरूनच्या मशीनकडं वळून तिला काहीबाही विचारायला लागल्या.

जागा छापली की संपलंच. खऱ्या डिस्कमध्ये तेव्हा चाळीस एमबी असायचे, म्हणजे चाळीस हजार केबी. आमच्या मेमरीतल्या तुकड्यात चारशेसुद्धा नव्हते. मॅडमचं लक्ष नव्हतं. शोधायचं-बिधायचं काही नाही, नुसतं 'चाळीस एमबी' असं ठोकून दिलं असतं तरी पडद्यावर ते खऱ्यासारखंच दिसलं असतं. डोक्यात आलं नाही असं नाही. मागं बघितलं तर बापूसाहेब मला डोळ्यांनी खुणावत होते. काय खुणावत होते देव जाणे, त्यांना प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या खुणावण्यानंच माझं डोकं फिरलं. दोन वर्षं रोज संध्याकाळी माझं लिहिलेलं पुसून जायचं, आणि मी रोज परत बरोबर लिहायची. तेवढंच माझं होतं. ते ह्या माणसासाठी चुकीचं लिहू?

लिहिला. बरोबर लिहिला. चालवला.

सी: ३७६ केबी.

मॅडम परत आल्या, चष्मा वर सरकवून बघितलं. "केबी? हार्ड डिस्क फ्लॉपीपेक्षा लहान?"

"कुंभोजे?" बापूसाहेब म्हणाले. आवाज अगदी मऊ.

सर पुढं आले. माझ्याकडं बघितलं नाही. "प्रोग्रॅम चुकलाय, मॅडम," म्हणाले. "जागेचा आकडा मोठा असतो, त्याला लाँग लावावं लागतं. हिचं राहिलं असणार. मग आकडा मावत नाही, सांडतो, आणि उरलेलं काहीतरी भलतंच दिसतं."

"हां," मॅडमनी मान हलवली. "होतं असं. माझेही विद्यार्थी करतात ही चूक." मग माझ्याकडं वळून, "काय गं? एवढी हुशार आणि हे विसरलीस?"

माझे कान तापले. लाँग म्हणजे काही अवघड भानगड नाही. मोठा आकडा ठेवायचा तर मोठं भांडं घ्या, एवढंच. ह्याच सरांनी वर्गात बादलीतलं पाणी तांब्यात ओतून, फरशी ओली करून दाखवलं होतं. तेव्हापासून मी एकदासुद्धा विसरले नव्हते, आणि सरांना ते पक्कं माहीत होतं. मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते एसीकडं बघत होते. माझ्या मनाला इतकं लागलं ते, की क्षणभर मान्यता, परीक्षा, कांड्या, सगळं एकीकडं राहिलं. बापूसाहेब खोटं बोलले असते तर मी हसले असते.

मेहरूननं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. तिला कळलं होतं सगळं. बाकीच्या दहा जणींनाही. बाराही माना खाली. माझं एक 'हो' पुरे होतं. मी चुकले म्हटलं की मान्यता येणार, एप्रिलात परीक्षा होणार, सरांची नोकरी राहणार. जाणार काय, तर एका पोरीची शान, तीही थोडीशी.

"हो मॅडम," मी म्हटलं. "राहिलं."

बापूसाहेबांनी सोडलेला श्वास मला मानेवर जाणवला.

"मग लाव की," मॅडम सहज म्हणाल्या. "अर्ध्या मिनिटाचं काम. लाव आणि दाखव परत."

आता आली का पंचाईत! मी प्रोग्रॅम पडद्यावर आणला. लाँग तिथं होतं. जिथं पाहिजे तिथं, डोळ्यांसमोर, ठसठशीत. आधीच लावलेलं परत कुठं लावू? मॅडम दोन पावलांवर पिशवीत पेन शोधत होत्या. मागून सरांचा आवाज आला, "लाव, मगदूम." फार हळू. विनवणीच होती ती. आणि तिथं माझा तोल गेला. चूक माझी म्हणालात, ती मी घेतली. आता खोटं लिहायचंही मीच?

मी खुर्ची मागं ढकलून उठले.

"बस गं, बस की," मेहरून पुटपुटली.

"सर, कुठं लावायचं ते मला सापडंना," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "तुम्ही बसा. तुम्ही दाखवा."

सर जागेवरच उभे राहिले.

"बसा की कुंभोजे," बापूसाहेब हसत म्हणाले. "पोरीला दाखवा आणि चला. बासुंदी वाट बघतीय."

सर येऊन माझ्या खुर्चीत बसले. खुर्ची ठेंगणी होती, गुडघे वर आले त्यांचे. त्यांनी प्रोग्रॅम वरून खालपर्यंत बघितला. खालून वर बघितला. वीस-पंचवीस ओळींचा तर प्रोग्रॅम! बोटं कळांवर ठेवली, उचलली, परत ठेवली. मी त्यांच्या बोटांकडंच बघत होते. चार कळा दाबल्या असत्या तर चाळीस एमबी उमटले असते, आणि मी शप्पथ सांगते, त्या घडीला मला तेही चाललं असतं. काहीतरी करा आणि संपवा हे, एवढंच मनात होतं.

सरांनी हात मांडीवर घेतले.

"मॅडम, ह्यात चूक नाही," ते म्हणाले. "लाँग लावलेलं आहे. तिनं आधीच लावलं होतं."

"मग आकडा?"

"आकडा बरोबर आहे. ह्याच्या आत डिस्क नाही. ही मेमरी आहे, तिला सी नाव दिलंय. बारातल्या दहांत असंच आहे."

"कुंभोजे!" बापूसाहेब ओरडले. "शुद्धीवर आहात का?"

मॅडमनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. त्या सरांना विचारत होत्या, "मग ह्या मुलींनी केलेलं काम राहतं कुठं?"

"राहत नाही," सर म्हणाले. "मशीन बंद झालं की जातं. रोज नव्यानं लिहितात."

मॅडमनी आम्हा सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग पेन पिशवीत टाकलं, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि गेल्या. बासुंदी तशीच राहिली.

मान्यता मिळाली नाही. कॉलेजनं डिस्क घेईपर्यंत नवीन मुली घ्यायच्या नाहीत, असं पत्र आलं. आमच्या तुकडीला तेवढी मुभा दिली, की सांगलीच्या कॉलेजात जाऊन तिथल्या मुलींबरोबर अभ्यास पुरा करा आणि तिथूनच परीक्षा द्या. म्हणजे दार अगदीच बंद झालं नव्हतं. पण रोज सांगलीला कोण पाठवतंय? मेहरूनच्या घरी नाहीच म्हणाले. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. सरांना बापूसाहेबांनी त्याच आठवड्यात काढलं.

आणि गावात काय उठलं असेल? मगदुमाच्या पोरीनं समितीपुढं प्रोग्रॅम चुकवला म्हणून कॉलेजची मान्यता गेली! बापूसाहेबांनीच पसरवलं ते. आप्पांना सूतबाजारात चारचौघांत ऐकावं लागलं. घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला टाकली आणि म्हणाले, "सांगली न्हाई आन बिंगली न्हाई. हितं चुकलीस ती तितं जाऊन काय दिवं लावणार हाईस?"

"आप्पा, प्रोग्रॅम बरोबर होता."

"मग खुद्द तुझा मास्तरच चुकला म्हणाला, ते खोटं? अख्ख्या समितीम्होरं म्हणाला न्हवं?"

म्हणाले होते, हे तर खरंच होतं. पुढचं सांगायला गेले तर आप्पांनी माग चालू केला. मागाच्या खडखडाटात आमच्या घरात कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही. मी कांडी मशीनपुढं जाऊन बसले.

सर आले त्या दिवशी मी तिथंच बसलेली होते. दुपारची वेळ. दारात उभे राहिले, चपला काढल्या. आप्पांनी बघितलं, पण माग थांबवला नाही. सरांनी काहीतरी म्हटलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही. परत म्हटलं. शेवटी आईनं जाऊन बटण दाबलं.

"मी कुंभोजे. कॉलेजात शिकवत होतो."

"वळखलं," आप्पा म्हणाले. "या. बसा. आता काय काम काढलासा?"

सर बसले नाहीत. "राजमतीला सांगलीला पाठवा. परीक्षा देऊ द्या."

"चुकीचं लिवून आली की ती."

"नाही. ती चुकली असं मी म्हणालो होतो. ती चुकली नव्हती."

"मग कशाला म्हणालासा?"

सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. त्या दिवसापासून पहिल्यांदाच. "नोकरीसाठी," म्हणाले.

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "आन नोकरी?"

"गेली."

आई आत गेली ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. सरांनी तांब्या घेतला पण पाणी प्यायले नाहीत, तसाच धरून उभे राहिले. आप्पा बराच वेळ त्यांच्याकडं बघत होते. सूतबाजारात माल पारखताना बघायचे ना, तसे. मी सूत सोडून उठले होते की बसले होते, मला आठवत नाही.

"एक सांगा," आप्पा म्हणाले. "पोरीची जात. रोज यष्टीनं जाणार, लोक बोलणार. आन येवढं करून नापास झाली तर? पास हुईल का ती?"

"होईल."

"तुमी मास्तर लोक असंच म्हणतासा. नक्की सांगा."

"आप्पा," सर म्हणाले, "तिच्याबद्दल एकदा खोटं बोललोय मी. परत नाही बोलणार."

आप्पा मागावर हात ठेवून उभे राहिले. पण बटण दाबलं नाही. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सांगलीची पयली गाडी कितीला हाय गं?"

मी सांगितलं. दुसरीची आणि तिसरीचीही वेळ सांगितली. मला त्या केव्हाच्याच पाठ होत्या.